बोक्याचं ओलं खाणं

सासरे माळकरी, त्यामुळं आमच्या वसमतच्या घरात मांस-मच्छी उंबऱ्याच्या आत यायची नाही. माझा बोकाही दूध-पोळीवर आणि दुकानातल्या कोरड्या शाकाहारी खाण्यावर वाढला. पाण्याला तो क्वचितच तोंड लावायचा.

एका सकाळी तो मोरीत जाऊन बसला तो उठेचना. कण्हत होता, जोर करत होता, पण लघवीचा थेंब येत नव्हता. पोटाला हात लावला तर टणक गोळा. आजवर कधी नाही तो माझ्यावर गुरकावला.

"जनावर हाय. आपोआप बरं होईल, न्हाई तर जाईल," सासरे म्हणाले. "मांजरासाठी कोनी दवाखान्यात जाते का?"

"मी जाते," मी म्हणाले. त्याला भाजीच्या कॅरेटमध्ये ठेवलं, वर दुसरं कॅरेट पालथं बांधलं आणि हिंगोलीची एसटी धरली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला भूल देऊन बारीक नळी घातली. लालसर लघवी आली, तिच्यात वाळूसारखी कचकच.

"उद्यावर टाकलं असतं तर गेला असता," त्या म्हणाल्या. "बोक्याची वाट अरुंद असते, लवकर तुंबते. मांजर पाणी कमी पितं, म्हणून ते खाण्यातूनच पोटात गेलं पाहिजे. दूध-पोळी बंद, कोरडं बंद. मांजराचं मांसाचं ओलं खाणं पाकिटात मिळतं, ते द्या. वरून पाणी कालवा."

काही दिवस त्यांनी त्याला ठेवून घेतलं. घरी आणल्यावर मी अंगणात पहिलं पाकीट फोडलं. मासळीचा वास दरवळला तसे सासरे बाहेर आले.

"माळकऱ्याच्या घरात हे? काहून?"

"माळ तुमी घातली, मामा. बोक्यानं न्हाई."

नवरा मला डोळ्यांनी दटावू लागला. माझ्या माहेरी मासे व्हायचे. लग्न झालं आणि माझ्या ताटातून ते गेले, मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"माझं खाणं तुमी ठरवलं, मी गप बसले," मी म्हणाले. "ह्याचं ठरवू देनार न्हाई. ह्याचा जीव हाय त्यात."

सासरे आत गेले. कितीतरी दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मी करत राहिले, तो निवत राहिला. बोका मात्र आता भरभरून लघवी करतो, आणि त्याची वाटी मी अंगणातल्या नळाखाली धुते, घराचं दार सताड उघडं ठेवून.