न कळलेल्याचा रकाना

"खिळ्यानं पाडल्यात भोकं. आन् कुणी पाडली, ते बी मला ठाऊक हाय."

तात्यांनी काळ्या नळीचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि बांधाच्या पलीकडे बोट दाखवलं. पलीकडे त्यांचे चुलतभाऊ, आबा, बैलांना वैरण टाकत होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानंच तात्या बोलत होते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूर तालुक्यात कृषी सहायक होतो, राहायला बारामतीत. वरकुट्याच्या तात्यांना ठिबक घ्यायला मीच भरीस पाडलं होतं. ठिबक म्हणजे झाडांच्या ओळीतून नळ्या टाकायच्या आणि प्रत्येक बुंध्याशी थेंब थेंब पाणी सोडायचं. तात्यांच्या डाळिंबातलं ठिबक गावातलं पहिलंच. उन्हाळा तापला आणि नळ्यांना भोकं पडायला लागली. पुढची झाडं चिखलात, शेवटच्या ओळी ठणठणीत कोरड्या. लिंबाएवढी फळं गळत होती.

"उद्या पोलिसात अर्ज देतो," तात्या म्हणाले. "आन् ह्या नळ्या गुंडाळून तुमच्या हापिसात आणून टाकतो."

"तात्या, आठ दिवस थांबा."

"आठ दिसांत काय हुणार हाय?"

मला काय ठाऊक! पण माझ्या नळ्यांपायी दोन भाऊ कोर्टाची पायरी चढणार, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

आता आमच्या दैनंदिनीबद्दल सांगायला हवं. रोज कुठं गेलो, काय केलं, हे आम्हाला एका वहीत लिहावं लागे. लागे म्हणजे काय, सगळेजण महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवस उरकायचे. 'भेट दिली, मार्गदर्शन केले.' झालं! त्याच वर्षी नवे साहेब आले. त्यांनी माझी वही उघडली.

"बारा तारखेला तुम्ही वरकुट्यात होता?"

"हो साहेब."

"मीही होतो. दिवसभर. मग आपली गाठ कशी पडली नाही?"

बारा तारखेला मी सांगवीला मेहुणीच्या लग्नात वाढप करत होतो. मी मान खाली घातली. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी घेतली, पानाच्या उजव्या बाजूला एक जादा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'आज काय कळलं नाही?'

"रोज भरायचा. इंदापूर सोडायच्या आधी. रिकामा चालणार नाही."

"आणि एखाद्या दिवशी सगळंच कळलं तर?"

"तर माझ्या खुर्चीत तुम्हाला बसवा, असं मीच वर कळवतो."

सुरुवातीला मी रागानं काहीबाही लिहायचो. 'एस.टी. वेळेवर का येत नाही?' साहेबांनी त्याखाली लाल शाईत लिहिलं, 'मलाही कळलेलं नाही.' मी एकटाच हसलो. महिना-दोन महिने गेले आणि माझ्यात गंमतच झाली. रानात शिरलं की डोळे आपोआप त्या रकान्यासाठी काहीतरी हुडकायला लागले. आधी जे दिसतच नव्हतं, ते दिसायला लागलं.

तात्यांच्या भोकांवरही मी रोज लिहीत गेलो. पहिल्या दिवशी, 'भोकाची कड खरबरीत. खिळ्याची असती तर गोल असती.' दुसऱ्या दिवशी, 'उंदीर म्हणावा, तर प्लास्टिकनं कुणाचं पोट भरतं?' तिसऱ्या दिवशी, 'पाण्याच्या दाबानं फुटली म्हणावं, तर मोटार बंद होती, तरी भोकं नवी.'

पाचव्या दिवशी लिहायला काहीच नव्हतं. दिवसभर तालुक्याच्या मीटिंगमध्ये पेंगलो होतो. संध्याकाळी इंदापूरच्या स्टँडवर बाकड्यावर बसलो, वही मांडीवर. रकाना भरायचा म्हणून खरडलं, 'ठिबकच्या आधी तात्यांच्या रानात काय होतं?' आणि हातानंच पुढं उत्तर लिहिलं. 'पाट होता. दुपारी पाटावर साळुंक्या, होले, खारी. मोटार चालू झाली की विहिरीजवळची, गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी भरायची.'

पेन थांबलं. आता पाट नाही. डोणी कोरडी, कारण पाणी थेट पाइपात. एवढ्या उन्हात त्या अख्ख्या रानात पाणी होतं ते फक्त त्या काळ्या नळ्यांत. मग प्लास्टिक खायचं होतं कुणाला?

"अरे, तहान!" मी ओरडलोच.

शेजारच्या म्हातारीनं पिशवीतून तांब्या काढला. "मग पी की बाबा. वरडतो कशापायी?"

त्या नादात माझी एस.टी. गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरकुटं गाठलं. "तात्या, झाडांखाली मातीचे परळ ठेवा. पाणी भरून."

"हितं झाडं वाळायल्यात, आन् खारीला पाणी पाजू? तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

पण ठेवले. दुपारी आम्ही बांधाशी दबा धरून बसलो. बाभळीवरून एक खार सरसर उतरली. नळी हुंगली, मग वळली आणि परळाला तोंड लावून पीत राहिली.

आठव्या दिवसापर्यंत एकही नवं भोक पडलं नाही. जुनी भोकं बुजवल्यावर शेवटच्या ओळीला पाणी पोचलं. बांधावरून आबांनी आवाज दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"काय तात्या, खारीवर अर्ज दिला का न्हाय?"

आता तात्या शरमतील, असं मला वाटलं. कसले शरमतात! त्यांनी बाभळीकडं हात केला. बाभूळ आबांच्या हद्दीत होती.

"मी काय खोटं बोललो व्हय? चोर तुझ्याच बांधावरचा निघाला."

आबा खो खो हसले. "मग माझ्या चोरांना पाणी मीच पाजतो." संध्याकाळी ते स्वतः दोन परळ घेऊन बांध ओलांडून आले. तात्यांनी चहा मांडायला सांगितला. मला इतका आनंद झाला की चहात साखर नव्हती, हे घरी पोचल्यावर आठवलं.

त्या दिवशी मी रकान्यात ऐटीत लिहिलं, 'दोन वर्षांनी दोघं भाऊ बोलले. आज सगळं कळलं.' साहेबांची लाल शाई आलीच. 'मग दोन वर्षं हे दोघं बोलत का नव्हते?'

ते मला अजूनही कळलेलं नाही. एवढं मात्र कळलं, की सुचायचं ते आभाळातून पडत नाही. रोज ठरल्या वेळी वही उघडून बाकड्यावर बसावं लागतं. मग कधीतरी सुचतं, आणि नेमकी तेव्हाच एस.टी. चुकते.