मागच्या प्लेटचा आकडा

मास्तर मला फारसे कळले नव्हते, हे आधीच सांगतो. ते शिंपी. माझे कपडे शिवायचे आणि रविवारी जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या आमच्या बैठकीत माझ्या शेजारी बसायचे. त्यांच्या मनात काय चालायचं, ते मी कधी विचारलं नाही.

त्यांना नाद होता प्लेटच्या आकड्यांचा. त्या जुन्या नोटांवर दोन्ही बाजूंना, कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा असायचा. ती बाजू कोणत्या प्लेटवर छापली, ते त्यावरून कळायचं. एखादी प्लेट लवकर बाद झाली की तिच्या नोटा मोजक्याच, म्हणून त्यांना मोल. पुढच्या आकड्याला चिकटून एक अक्षर असायचं, मागचा आकडा नुसताच. हे मला मास्तरांनीच शिकवलं.

त्यांच्या धाकट्या बहिणीला गेलेल्या नवऱ्याच्या कोटात एक नोट सापडली. मास्तरांनी भिंग लावलं आणि ओरडलेच, "अगं, घबाड आहे हे!" बहिणीची सून मामांच्या नोटांना चिंध्या म्हणायची. त्या दिवशी बहिणीने तिला चांगलंच ऐकवलं.

रविवारी मास्तरांनी नोट बैठकीत काढली. नोटांच्या व्यापाऱ्याने ती उलटसुलट केली.

"आकडा बरोबर आहे मास्तर, बाजू चुकली. दुर्मीळ आहे ती मागची प्लेट. तुम्ही पुढचा आकडा वाचलात. बाजूचं अक्षर दिसलं नाही?"

"मास्तरांनी कोट उलटा शिवला!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मास्तरही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रस्त्यात म्हणाले, "मीच घेतो ही नोट. तिला सांगतो, गिऱ्हाईक मिळालं." कोपऱ्यावर ते थांबले. "नको. खोटं नको. तुम्ही चला माझ्याबरोबर."

बहिणीच्या दारात उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं.

"एवढंच ना, दादा? आत तरी ये."

सुनेने पाणी आणलं. "मामा, भिंग बदलायचं की डोळे?" ती हसून म्हणाली, वाईट हेतूने नव्हे. मास्तर पेल्यात बघत पाणी पीत राहिले. बहिणीने नोट घडी करून चहाच्या डब्याखाली सारली.

"हिला उगाच ऐकवलं मी," ती हळूच म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली, ती घरी पोचेपर्यंत वर केली नाही. चूक पचली असती त्यांना. बहिणीला सुनेपुढे खाली बघावं लागलं, ते पचलं नसावं. मला असं वाटतं. खरं काय ते त्यांनाच ठाऊक.

बैठकीला ते पुन्हा आले नाहीत. पुढे थंडीत वारले. त्याच्या थोडं आधी मी पॅन्ट आणायला दुकानात गेलो होतो.

"रविवारी येताय ना?" मी विचारलं.

दातात दोरा धरूनच ते म्हणाले, "बघू. कमरेला थोडी सैल ठेवलीय."

"बरं केलंत," मी म्हणालो.