औक्षणाचा फोटो

“हस. फोटो काढायलेत,” असं म्हणून साहेबांनी मला थोबाडीत मारली आणि औक्षणाचं ताट हातात दिलं.

मी तेव्हा दहा वर्षांची. आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात, मी सिरसाळ्याजवळच्या वसतिगृहात. साहेब तिथले अध्यक्ष. परदेशातला एक दाता दर हिवाळ्यात मुक्कामाला यायचा. त्यानं माझ्याशी काय केलं ते मी कोर्टात सांगितलंय. इथं सांगणार नाही. त्या सकाळी मी साहेबांना सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा. थप्पड हे साहेबांचं उत्तर. वर त्याच दात्याला मी कुंकू लावायचं. लावलं. टाळ्या वाजल्या.

गेल्या वर्षी तो त्याच्या देशात पकडला गेला. दुसऱ्या देशात जाऊन लेकरांवर अत्याचार केला तरी तिकडं खटला चालतो, हे मला तेव्हा कळलं. माझी साक्ष बीडच्या कोर्टातून, पडद्यावर तिकडच्या न्यायाधीशांसमोर. दाराबाहेर साहेब उभे.

“त्याच्याच पैशाचं खाल्लंस. खाल्ल्या मिठाला जाग. अन् कोयतेवाल्याच्या पोरीला कसली आलीय अब्रू?”

सोबत आलेल्या आईनं मान खाली घातली. तिचा मला साहेबांपेक्षा जास्त राग आला.

आत आरोपीच्या वकिलानं पडद्यावर तोच फोटो दाखवला. साहेबांनीच पाठवलेला. इतकी वर्षं त्यांच्या ऑफिसात टांगलेला. दुभाषी बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला, “ज्यानं त्रास दिला, त्याला कुणी हसत ओवाळतं का?”

माझं ते दात दाखवणं बघून मलाच किळस आली. मग गाल दिसला.

“फोटो मोठा करा,” मी म्हणाले. “डावा गाल बघा.”

बोटं उमटलेली. कुणी मारलं, असं न्यायाधीशांनी विचारलं. मी साहेबांचं नाव सांगितलं. गावासकट.

त्याला तिकडं शिक्षा झाली. आई म्हणाली, “झालं न्हवं? आता गप ऱ्हा बाई.”

काय झालं? साहेब अजून अध्यक्ष आहेत. ऊसतोड सुरू झाली, वसतिगृह पुन्हा पोरींनी भरलं. काल मी बीडच्या पोलीस ठाण्यात साहेबांविरुद्ध तक्रार दिली. “एवढ्या वर्षांनी कावून?” हवालदार म्हणाला. मी म्हटलं, “लिहा.”

आज सकाळी साहेबांचा ड्रायव्हर दारात आला. “मिटवून घे म्हनलेत सायेब.”

मी म्हणाले, “सायबाला सांग, भिंतीवरचा फोटो उतरवू नका. पोलीस न्यायला येनार हायेत. आधी फोटो, मग तुमी.”