मुकादम सरांची रिलेटिव्हिटी

फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये किस्से कोणी जमवत नाही. चहा गाळेपर्यंत एकीला एक आठवतो, त्यावरून दुसरीला दुसरा. आमच्या नेरूळच्या कॉलेजात निम्मे तरी मुकादम सरांचे. सर एमएस्सीला विद्युतचुंबकत्व शिकवतात.

*

पहिल्याच लेक्चरला सर म्हणाले, "विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र ही एकाच गोष्टीची दोन रूपं. कोणतं किती दिसेल, ते बघणारा कसा चाललाय, म्हणजे त्याची फ्रेम कोणती, त्यावर."

मागून कोणीतरी विचारलं, "सर, मग खरं कोणाचं? उभ्याचं की चालणाऱ्याचं?"

"दोघांनी नीट मोजलं असेल तर दोघंही खरे. उगाच भांडण लावू नकोस."

तेव्हापासून माझं आणि शिंदे मॅडमचं पंख्यावरून वाजलं की सर पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "दोघी खऱ्या. पंखा तीनवर."

*

सर मूळचे मोरा बंदराचे, त्यामुळे उदाहरणही तिथून सुटणाऱ्या लाँचचंच. "विद्युतभार असलेला गोळा घेऊन लाँचमध्ये बसा. तुम्हाला तो स्थिर, म्हणून नुसतं विद्युतक्षेत्र. धक्क्यावरच्याला तो चालताना दिसतो, म्हणून त्याला चुंबकीयही."

वर्गातला रोहित रविवारी खरंच लाँचने जाऊन आला. "सर, मला नुसती उलटी झाली."

"धक्क्यावरच्यांनाही ती उलटीच दिसली ना?"

"हो सर."

"जे सगळ्यांना सारखं दिसतं, त्याला इनव्हेरियंट म्हणतात. लिहून घे."

*

सायली राहायला जुईनगरला, म्हणजे एका स्टेशनावर, आणि रोज उशिरा. एकदा दारातूनच म्हणाली, "सर, माझ्या फ्रेमच्या घड्याळात मी वेळेवर आहे."

"मान्य. पण हजेरी माझ्या फ्रेममध्ये लागते."

*

गेल्या वर्षी सरांना स्ट्रोक आला. हातपाय वाचले, पण दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली. घरी बसवेना, म्हणून डॉक्टरांना विचारून परत आले. पहिल्या दिवशी मीही शेवटच्या बाकावर जाऊन बसले, न जाणो काही लागलं तर.

सरांनी फळ्यावर टेन्सर मांडला: चार ओळी, चार स्तंभ, दोन्ही क्षेत्रं एकाच चौकटीत. कर्णावर शून्यं, त्याच्या उजवीकडे वरचे सहा घटक. डावीकडचा खालचा कोपरा कोराच राहिला. सर पुढे बोलू लागले. त्यांच्या लेखी चौकट भरली होती.

सायली उठली. तिने खडू घेतला आणि रिकाम्या जागा भरल्या. वरचं तेच खाली, फक्त उलट चिन्हाने.

खडूचा आवाज ऐकून सर थांबले. मान पार डावीकडे वळवून त्यांनी आधी फळा पाहिला, मग तिला.

"चिन्हं बदललीस ना?"

"बदलली, सर."

"सगळी?"

"सगळी."

"मग पुढे जाऊ या."