बाकीचं बोलणं

शेजारची सायली कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडचं इंटरनेट बंद पडलं, म्हणून ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. दूरच्या कुठल्याशा देशात पोलिसांनी उचलून नेलेल्या एका मुलाची आई पडद्यावर होती आणि सोबत इंग्रजीत सांगणारा दुभाषी. मुलाच्या केससाठी सायली आईचं म्हणणं लिहून घेणार होती.

मी समोर मेथी निवडत होते. मनात म्हटलं, परदेशी शिकायला जायचं असेल, तर अर्जात असं परकं दुःख शोभून दिसतंच की! इथल्या चौकीत नेलेल्यांचं कुणाला पडलंय? संशयाचं बरं असतं, बसल्या जागी घेता येतो.

ती बाई कितीतरी वेळ बोलली. मध्येच थांबली, पुन्हा बोलली. दुभाषी एवढंच म्हणाला, “मुलगा निर्दोष आहे, असं म्हणतात.”

सायलीने काहीच लिहिलं नाही. “त्या एवढं बोलल्या. बाकीचं?”

“ते केसच्या कामाचं नाही.”

“असू दे. सांगा.”

“त्याला अनवाणीच ओढत नेलं. चपला अजून दारातच आहेत. या बाई त्या कुणाला हलवू देत नाहीत.”

आता सायली लिहू लागली. अर्जासाठीच असेल, मी स्वतःला बजावलं. खाली पाहिलं, तर निवडलेली पानं मी देठांच्या ढिगात टाकत होते.