उत्तर न ऐकणारे वस्ताद

आमच्या शेजारच्या वस्तादांनी निम्म्या सोलापूरला प्रश्न विचारले असतील आणि एकाचंही उत्तर पुरतं ऐकलं नसेल. ही तक्रार नव्हे, त्यांचा धंदाच तसा होता. भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत ते निखळलेली हाडं बसवत आणि आखडलेली अंगं चोळून देत. मूळचे सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातले. मेंढरांचे पाय बांधता बांधता हाडं शिकले, मग तालमीत आले आणि पैलवानांचे खांदे बसवता बसवता वस्ताद झाले. त्यांची रीत ठरलेली होती. दुखऱ्या जागी करडईच्या तेलाचा हात हळूहळू फिरवायचा आणि मध्येच अगदी घरगुती काहीतरी विचारायचं. "धाकटी कुटं दिली?" "औंदा ज्वारी कशी हाय?" माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो, तेवढ्यात अंग सैल सोडतो, आणि कट्! हाड जागेवर. उरलेलं उत्तर वस्तादांना नको असे, तोवर ते हात पुसायला उठलेले असत. एका विणकराला त्यांनी वडील कसे आहेत म्हणून विचारलं. मागच्या आठवड्यातच वारले, असं तो बिचारा सांगत होता, तर वस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाले, "झ्याक, झ्याक! उद्या परत या."

मात्र प्रश्न विचारायचा तो माणसाच्या घरच्या भाषेत, याबद्दल त्यांचा कटाक्ष. विणकरांशी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांशी कानडी, टांगेवाल्याशी दखनी. "परक्या भाशेत इचारलं की मानूस आदी अर्थ लावत बसतंय. अंग सोडतच न्हाय," असं ते म्हणत. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर. सायकलवरून पडल्यापासून माझा उजवा खांदा इतका ढिला झाला होता की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला गेलो तरी निखळायचा. मग हातातला खडू हातातच, आणि मी कण्हत वस्तादांच्या दारात. माझ्या मुलांची नावं त्यांनी मला वीस वेळा तरी विचारली असतील. ती त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हती.

या सवयीनंच त्यांचा घात केला. आफ्रिकेतल्या मोंबाशा बंदरात राहणारा एक कच्छी शेठ चादरींच्या खरेदीला आला होता. दुकानाची पायरी चुकून तो पडला आणि त्याचं कोपर निखळलं. वस्तादांनी तेल लावता लावता, कच्छी येईना म्हणून दखनीत, विचारलं, "क्या शेठ, हमकू ले जाते क्या तुमारे गांवकू?" शेठ "जरूर" म्हणाला, हाड बसलं, वस्ताद उठले. शेठ त्यापुढंही बरंच बोलत होता, पण ते ऐकलं कुणी? सहा महिन्यांनी आगबोटीचं तिकीटच येऊन पडलं. सोबतचं पत्र मीच वाचून दाखवलं. बंदरावर ओझी वाहणाऱ्या हमालांची हाडं नेहमी निखळतात, त्यांच्यासाठी शेठनं दवाखाना काढला होता. डॉक्टर होता, पण अंग चोळून, हातपाय पुन्हा चालते करून देणारा माणूस नव्हता. "आपण स्वतः विचारलंत म्हणून दोन वर्षांसाठी ही जागा आपल्याकरिता राखली आहे," असं शेवटी होतं. वस्तादांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"नको म्हणून कळवून टाकू या," मी लगेच म्हणालो. यात माझा स्वार्थ होता, लपवत नाही. हा माणूस गेला तर माझ्या खांद्याचं काय, एवढंच मला दिसत होतं. पण वस्ताद मान हलवत राहिले. "आपल्या तोंडानं मागितलंय की, मास्तर. त्यानं दिल्यावर आता नगं म्हनायचं व्हय? आन तितल्या हमालांची हाडं वाकडीच जुळत्यात म्हनं." एवढं बोलून त्यांनी कपाळाचा घाम पुसला. दिवस थंडीचे होते.

त्या दिवसापासून काळजीनं आमच्या दोन्ही घरांत बिऱ्हाड केलं. बोटीवर पायाखाली जमीन नाही, मग जोर कशावर लावायचा? तिकडं करडई पिकते का? नसेल तर तेलाचे डबे किती न्यायचे, आणि समुद्रात डबे सांडले तर? परवान्यासाठी फोटो काढायला गेले, तर फोटोवाल्याची मान आखडलेली बघून तीच चोळून आले, फोटो राहिलाच. पण खरी धास्ती एकच. "तितं मी इचारू काय, मास्तर? आन कंच्या भाशेत?"

त्या हमालांची भाषा सोलापुरात कुणालाच येत नव्हती. मला येत होती ती इंग्रजी. आठवडाभर मी त्यांच्याकडून "हाऊ मेनी चिल्ड्रन?" घोकून घेतलं. मग मनगट निखळलेला एक विणकर आला, आणि त्याच्यावर वस्तादांनी ते वापरून पाहिलं. त्या माणसाशी जन्मात इंग्रजी बोलला होता तो एक गिरणीतला साहेब, तेही चूक काढायला. प्रश्न ऐकताच तो ताडकन उभा राहिला आणि दुखऱ्या हातानंच त्यानं सलाम ठोकला. अंग लाकडासारखं ताठ. अखेर तेलुगूत सासूची चौकशी केली तेव्हा कुठं हाड बसलं. तो गेल्यावर वस्ताद आपल्या पंजाकडं बघत राहिले. पैलवान उचलून आपटणारा तो हात, त्याला कापताना मी प्रथमच पाहिलं. "हातच भ्याला तर तितं माजं काय न्हाय, मास्तर," ते म्हणाले. मला हसू आलं नाही.

वहिनी, म्हणजे वस्तादांची बायको, चुलीजवळ शेंगाची चटणी कुटत होती. ती म्हणाली, "आवं, मेंढरांना कंच्या भाशेत इचारत व्हतासा?"

वस्तादांनी पंजा धोतराला पुसला. मग म्हणाले, "मेंढराला आवाज कळतोय गं."

"मग मानसाला न्हाय कळायचा व्हय?" असं म्हणून तिनं तोंड चुलीकडं फिरवलं आणि चटणी पुन्हा कुटायला घेतली. चटणी केव्हाच बारीक झाली होती. दोन वर्षं तिला एकटीनं काढायची होती, पण त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही.

दुपारच्या मुंबईच्या गाडीनं ते निघाले, पोचवायला वहिनी आणि मी. तेलाचे डबे भरलेली ट्रंक डब्यात चढवायला मी हात लावला, आणि व्हायचं तेच झालं, खांदा निखळला. मी मटकन खाली बसलो. आधीच चढलेले वस्ताद तसेच उतरले, फलाटावरच माझ्यापुढं बसले. तेल ट्रंकेत, तेव्हा कोरडाच हात फिरवू लागले. तो हात आता कापत नव्हता. मी मुलांची नावं तयार ठेवली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "मी परत यीन का हो?"

मी तोंड उघडलं. कट्! हाड बसलं. पण वस्ताद उठले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले, माझ्या तोंडाकडं बघत. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना उत्तर हवं होतं, आणि दिवसभर मुलांकडून उत्तरं मागणाऱ्या मला ते देता येईना. गार्डानं शिट्टी दिली, वहिनीनं त्यांना हाताला धरून उठवलं, आणि गाडी हलल्यावर मी ओरडलो, "येणार की, वस्ताद!"

चार महिन्यांनी पत्र आलं. तिथल्या एका रत्नागिरीकडच्या खलाशाकडून लिहून घेतलेलं, पण बोलणं वस्तादांचंच. "हात चालतोय. आईचं नाव काय, एवडं हितल्या बोलीत इचारायला शिकलोय. लोक अंग सोडत्यात. आता मी समद्यांचे जवाब शेवटपत्तूर ऐकतो. न्हाय ऐकले तर त्येंची भाशा यायची कशी? तुमचा जवाब मातुर गाडीच्या आवाजात ऐकू आला न्हाय. तेवडा लिवून कळवा."

मी ताबडतोब कागद घेऊन बसलो. 'येणार' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, की माझा खांदा पुन्हा फार निखळू लागला आहे, तेव्हा यावंच लागेल. खरं तर फलाटावरच्या त्या दुपारनंतर तो एकदाही निखळला नव्हता.