दुसऱ्या खुर्चीचा इतिहास

जयपूरच्या तिलक नगरातल्या प्राध्यापकांनी मला फसवलं. व्हिएतनामच्या उपराष्ट्राध्यक्षपदाचा इतिहास मी लिहिला आणि आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तो त्यांच्या नावाने छापून आला.

मी खड्यांचा व्यापार करते. आमचे हे फौजेत होते. बदलीवर जयपूरला आलो आणि निवृत्तीनंतर दुर्गापुऱ्यात घर केलं. धंदा मला कुणी शिकवला नाही. जोहरी बाजारात पहिली दोन वर्षं सगळे मला 'मॅडमजी, मॅडमजी' करत चहा पाजायचे आणि टाकाऊ माल दाखवायचे. तिसऱ्या वर्षापासून चहा तेवढा चालू राहिला.

हनोईची एक व्यापारी बाई माझ्याकडे पाचू घ्यायला येते. घासाघिशीत माझ्या तोडीची आहे. एकदा सौदा अडला, तेव्हा भिंतीवरचा मंडळाचा फोटो बघून तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं, या मंडळात तू कोण? मी म्हटलं, उपाध्यक्ष. ती हसून म्हणाली, "आमच्या देशातही ती खुर्ची बाईलाच देतात."

तिथून मी मागे लागले. वर्षभर वाचत राहिले, तिला विचारत राहिले. हे पद त्यांच्या पहिल्याच राज्यघटनेत होतं. संस्थापक नेता वारला तेव्हा त्याचा म्हातारा उपाध्यक्ष त्याच्या जागी बसला. पुढे नव्या घटनेने एकट्या राष्ट्राध्यक्षाची खुर्चीच काढली आणि एक राज्य परिषद नेमली. नव्वदच्या दशकात दोन्ही खुर्च्या परत आल्या, आणि तेव्हापासून दुसरीवर ओळीने बायकाच. वरचा माणूस वारला किंवा त्याला जावं लागलं, की ती हंगामी म्हणून कारभार बघणार. नवा आला की मुकाट्याने आपल्या जागेवर. एकीवर तर ही पाळी दोनदा आली. खरी सत्ता पक्षाकडे, हे मला कळतं. पण वाचताना मला आमचं मंडळच दिसत होतं. दोन अध्यक्षांच्या बदल्या झाल्या तेव्हा दोन्ही गणेशोत्सव मीच पार पाडले होते.

माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. म्हणून लेखाची वही शुद्धलेखनासाठी प्राध्यापकांकडे दिली. जयपूरला मराठी घरांत असंच चालतं. मुलं हिंदीत शिकलेली, मग लिहिलेलं तपासायला प्राध्यापकच सापडतात. तीन महिने त्यांनी वही ठेवून घेतली आणि मग स्मरणिका आली.

मी फोन केला.

"वहिनी, अहो, मी पूर्ण नव्यानं लिहिलाय तो लेख. विषय काय कुणाच्या मालकीचा असतो?"

"आणि माझी वही?"

"वही इथेच कुठेतरी असेल. मतलब, तुमच्या टिपणांचा थोडा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. तुम्ही कशाला या भानगडीत पडता? तुमचे खडे किती छान असतात."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

खड्यांचं त्यांनी बोलायला नको होतं. माझा पाचू दुसऱ्याच्या पुडीत सापडला तर मी तो रंगावरून ओळखत नाही. रंग सगळे सारखे दिसतात. मी भिंग लावून त्याच्या आतली रेघ बघते. तशी रेघ दुसऱ्या खड्यात नसते.

माझ्या वहीतही अशी एक रेघ होती, एक चूक. राज्य परिषदेच्या काळात उपाध्यक्षच नव्हता, असं मी लिहिलं होतं. ते खोटं आहे. परिषदेला उपाध्यक्ष होते, एक नव्हे, अनेक. हनोईच्या बाईने मला ते नंतर सांगितलं आणि मी माझ्याकडच्या प्रतीत दुरुस्त केलं. प्राध्यापकांकडची वही मात्र तशीच राहिली. स्मरणिकेत पान अकरावर ती चूक जशीच्या तशी आहे, आणि पुढचं 'खुर्ची मोडली, मग पाय कोण मोजणार' हे वाक्यही माझंच.

नव्याने लिहिणाऱ्याने पुस्तकं उघडली असती, तर ही चूक त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं.

रविवारी मंडळाची वार्षिक सभा आहे. अध्यक्ष आजारी आहेत, म्हणजे सभा मीच चालवणार. पहिला विषय मी ठरवला आहे. प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं, ही चूक त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली. पुस्तक नसेल, तर माझं नाव त्या लेखावरून कुणी काढलं, याचं उत्तर त्यांनी द्यावं. त्याशिवाय मी दुसरा विषय घेणार नाही.